भांडणाचे पत्ते, बोलण्याचे पत्ते

डिसेंबरात चंडीगडवर धुकं उतरलं की समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसत नाही. सावंतवाडीहून मुलाकडे आलेल्या आजींना अशा थंडीत बाहेर पडणं शक्यच नव्हतं. रजई पांघरून त्या नातवाच्या खोलीत बसत आणि नातू संगणकापुढे.

घरात बोलणं कमी झालं होतं. अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत नातवाला यश आलं नव्हतं. वर्षभर थांबून तो पुन्हा तयारी करत होता. वडिलांचं एकच वाक्य असे, "आधी तो खेळ बंद कर." मुलगा उत्तर न देता दार लावून घेई. सूनबाई मात्र दोघांना दोन वेळा वेगवेगळी ताटं वाढून थकल्या होत्या.

एका दुपारी आजींनी विचारलं, "पत्ते दिसताहेत रे! कुठला डाव?"

नातवाला नवल वाटलं. या खेळाबद्दल घरात कुणी प्रश्न विचारला नव्हता, बोलणी मात्र खाल्ली होती. तो सांगू लागला. खेळाचं नाव 'ग्रिफ्टलँड्स'. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या क्लेई कंपनीने तो 2021 मध्ये पूर्ण स्वरूपात आणला. त्यातली साल नावाची मुलगी, तिला वेठीला विकणाऱ्या बाईचा सूड घ्यायला परत आली आहे. हाती सुरुवातीला थोडे साधे पत्ते असतात. वाटेत नवे मिळतात, त्यातून आपला संच आपणच बांधायचा.

"आमच्या गंजिफात असं नाही," आजी म्हणाल्या. "दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण एकशे वीस. दिवसा रामाच्या राजाने डाव उघडायचा, रात्री कृष्णाच्या. पण वाटून आली ती पानं आपली. तुझ्या खेळात मिळतील तेवढी घ्यायची का?"

"तिथेच तर फसतो, आजी! सगळे घेतले की हवा तो पत्ता वेळेवर हाती येत नाही. नको म्हणायला शिकावं लागतं."

मग त्याने खरी गंमत दाखवली. सालकडे दोन संच असतात, एक लढाईचा, दुसरा बोलणी करण्याचा. समोरच्याशी लढून निपटता येतं किंवा शब्दांनी. बोलण्याच्या पत्त्यांतही काही गोडीचे, काही दटावणीचे. शत्रू शरण आला तर सोडावं की मारावं, हेही आपणच ठरवायचं. मारलं तर त्याच्या जवळची माणसं वैर धरतात. मदत केली तर तीच माणसं पुढे उपयोगी पडतात.

"आणि हरलास तर?"

"गोष्ट पहिल्यापासून. जमवलेले पत्ते जातात. पण चूक कुठे झाली ते कळलेलं असतं, म्हणून पुन्हा खेळावंसं वाटतं."

आजी जरा वेळ गप्प राहिल्या. परीक्षेत हरलेला हा मुलगा रोज दार लावून पुन्हा पुन्हा हरत होता आणि तरी उठत होता, हे त्यांच्या ध्यानात आलं. तिथे त्याला कुणी नापास म्हणत नव्हतं.

"सोन्या, तू बोलण्याचा संच छान बांधलायस," त्या म्हणाल्या. "मग बाबांपुढे नेहमी लढाईचाच का रे काढतोस?"

नातू हसला नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"तेसुद्धा तोच काढतात, आजी."

"काढतो ना. माझाच मुलगा आहे तो, मला माहीत आहे. पण कुणीतरी आधी पान बदलायला हवं."

संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला. वडील धुक्यातून आत आले, मफलर गळ्यातच होता. नातवाच्या खोलीचं दार उघडं होतं.

"बाबा, दिवसाला एक तास खेळेन. बाकीचं वेळापत्रक लिहून काढलंय. तुम्ही एकदा बघाल?"

वडील क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी खुर्ची ओढली. "दाखव," ते म्हणाले. "आणि तो खेळ काय आहे, तेही सांग."

सूनबाईंनी त्या रात्री सगळी ताटं एकदमच घेतली.