भरतकामाच्या यंत्राची लिपी

घरांत भरतकामाचें विजेचें यंत्र आणावयाचें झालें, म्हणजे किंमत काय, हमी किती वर्षांची आणि दुरुस्तीस माणूस कोठून येणार, एवढे तीन प्रश्न बहुतेक कुटुंबांत विचारले जातात. हें यंत्र कोणती लिपी वाचतें, हा चौथा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाहीं. आणि पुढें पैशांची व श्रमांची जी नासाडी होते, तिचें मूळ बहुधा तेथेंच असतें. आम्ही रिठदसारख्या गांवांत राहणारे. आयुष्य शब्दरूपें आणि संधि शिकविण्यांत गेलेलें. सुईदोऱ्याशीं आमचा संबंध सदऱ्याच्या गुंडीपुरता. तथापि आमच्या सूनबाईनें गेल्या वर्षीं असें यंत्र घेतलें, सोयाबीनचा भरवसा न राहिल्यामुळें घरखर्चाचा बराच भार त्यावर आला, आणि तिच्या पेनड्राइव्हमधील गोंधळ समजून घेणें आम्हांस भाग पडलें.

लिपी हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. यंत्रास मोर दिसत नाहीं कीं कमळ दिसत नाहीं. सुई इतकी उजवीकडे, इतकी वर, टाका घाल. आतां थांब, दोरा बदल. एवढ्याच आज्ञा त्यास कळतात, आणि त्या लिहिण्याची पद्धति प्रत्येक कारखानदाराची निराळी. ब्रदर कंपनीच्या घरगुती यंत्रांची फाईल ‘पीईएस’, जानोमेची ‘जेईएफ’, आणि मोठ्या कारखान्यांतील बहुसुईच्या यंत्रांत सर्रास चालणारी ती जपानच्या ताजिमा कंपनीची ‘डीएसटी’. (जानोमे म्हणजे जपानी भाषेंत सर्पनेत्र, वाटोळी बॉबिन तशी दिसते म्हणून हें नांव पडलें. आमच्यासारख्यास असली व्युत्पत्ति सांपडली कीं अर्धा दिवस आनंदांत जातो.) नक्षीची अशी फाईल तयार करणारे कारागीर आपल्या कामास अजून ‘पंचिंग’ म्हणतात. स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली ह्यानें १८६३ सालीं शिफ्ली यंत्र काढलें. पुढें अशा यंत्रांना भोकें पाडलेली पट्टी चालवूं लागली, त्या भोकांची ही आठवण.

ह्यांपैकीं ‘डीएसटी’चें वर्तन मोठें शिकण्यासारखें आहे. तिच्यांत प्रत्येक टाका अवघ्या तीन बाइटांत लिहितात. माप मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचें. आणि एका आज्ञेंत सुई कोणत्याही दिशेस १२.१ मिलिमीटरहून अधिक सरकवितां येत नाहीं, अधिक जावयाचें तर उड्या माराव्या लागतात. इतका काटकसरीपणा असल्यानेंच ती जवळजवळ सगळीकडे वाचली जाते. परंतु दोरा कोणत्या क्षणीं बदलावा हें ती सांगते, कोणत्या रंगाचा घ्यावा हें सांगत नाहीं. मोडीची जुनीं कागदपत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत, त्यांस हें नवल वाटणार नाहीं. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसत. जाणता माणूस संदर्भानें बरोबर वाची, नवशिका अडखळे. ‘पीईएस’ व ‘जेईएफ’ ह्या मात्र रंगांची यादीही बरोबर बाळगतात. म्हणून घरच्या यंत्रासाठीं त्याच्या स्वतःच्या लिपींतील फाईल घ्यावी, आणि बाहेर मोठ्या यंत्रावर काम द्यावयाचें असेल तेव्हां ‘डीएसटी’ देऊन रंगांचा क्रम कागदावर लिहून सोबत द्यावा.

आमच्या सूनबाईला एका विक्रेत्यानें शेंकडों नक्ष्यांचा पेनड्राइव्ह स्वस्तांत दिला. घरीं आणून लावला, तर यंत्राच्या पडद्यावर एकही नक्षी उमटेना. शेजारच्या एका हुशार मुलानें फाइलींच्या नांवांतील शेवटचीं तीन अक्षरें बदलून दिलीं. हजेरीपटावर नांव वरच्या वर्गांत चढविल्यानें मुलगा पास होत नाहीं, हें आम्ही त्यास सांगितलें. त्यास तें रुचलें नाहीं. अखेरीस संगणकावर ‘इंक-स्टिच’ नांवाच्या विनामूल्य साधनानें त्या फाइलींचें खरेंखुरें रूपांतर झालें. तरी कित्येक नक्ष्या शंभर मिलिमीटरच्या रिंगेंत मावेनात, त्या गेल्याच.

लहान करून कां घेत नाहीं, असें वाचक म्हणतील. येथेंच सर्वांत मोठी मेख आहे. यंत्रास दिलेली फाईल म्हणजे दळलेलें पीठ. तिच्यांत टाके असतात, आकृति नसते. भरीव भागांतील ओळींत साधारणतः ०.४ मिलिमीटरचें अंतर असतें. तीच फाईल नुसती दीडपट ताणली, तर तें ०.६ होतें आणि खालचें कापड डोकावूं लागतें. निम्मी केली, तर टाके एकमेकांवर चढून दोरा तुटतो. आकृति, दिशा, घनता हें सर्व ज्यांत शाबूत असतें, ती मूळ फाईल निराळी. विलकॉम वापरणाऱ्यांची ती ‘ईएमबी’. ती हातीं असेल, तर पाहिजे त्या मापाची व पाहिजे त्या लिपींतील फाईल पुन्हा काढतां येते.

आमच्या मातोश्रींनीं आमच्या बारशासाठीं भरलेली एक कुंची घरांत आहे. तिच्यावर बोटभर उंचीचा मोर. तो मोर यंत्रावर घेऊन बारशाच्या कुंच्या विकाव्या, असें सूनबाईच्या मनांत आलें. शहरांतील एका कारागिरानें पंचिंग करून देण्याचें कबूल केलें, पण देणार ती ‘डीएसटी’च, मूळ फाईल देण्याची आमची रीत नाहीं, म्हणाला. त्याच्या धंद्याची बाजू आम्हांस कळते. तरी उद्यां तोच मोर साडीच्या पदरावर घ्यावयाचा झाला, तर आमच्या आईचा मोर त्याच्याकडून पुन्हा विकत घ्यावयाचा काय? सूनबाईनें काम दिलें नाहीं. ती आतां दुपारीं स्वतःच ‘इंक-स्टिच’वर तो मोर रेखते आहे. तुरा व पिसारा झाला आहे. मान अडली आहे. कारण साठ वर्षांच्या धुण्यांत मूळ दोऱ्याचा रंग उडाला असून ती निळी होती कीं जांभळी ह्यावर घरांत एकमत नाहीं. आमच्या अकोल्याच्या मावशींनीं ती कुंची भरली जात असतां पाहिलेली आहे; येत्या रविवारीं चिरंजीव कुंची घेऊन त्यांच्याकडे जाणार आहेत.