सॉफ्टवेअर कशासाठी, हे आधी ठरवा

विद्यापीठाच्या बजेटची चर्चा निघाली की एक शब्द हमखास येतोच: डिजिटल. डिजिटल कॅम्पस, डिजिटल लायब्ररी, आता त्यात एआयची भर. मी कॉलेजात शिकवतो, पोर्टलं आणि लॉगिन रोज वापरतो, त्यामुळे तंत्रज्ञानाला माझा विरोध असायचं कारणच नाही. पण दरवेळी वाटतं, अहो, हे नेमकं कशासाठी घेतोय ते आधी कुणी सांगेल का?

मुंबई विद्यापीठाचं २०१७ साल आठवून बघा. सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून स्क्रीनवर तपासायच्या, असं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. अभियांत्रिकीत ही पद्धत आधीपासून होती आणि ती चालली होती. पण एका शाखेत जमलेली गोष्ट एकाच हंगामात सतरा लाखांच्या वर उत्तरपत्रिकांना लावली. तयारीला वेळ नाही, प्राध्यापकांना नीट प्रशिक्षण नाही. कायद्याप्रमाणे ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. तपासणीसाठी कॉलेजांतली लेक्चर्स काही दिवस बंद ठेवली, नागपूरपर्यंतच्या प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली. वाणिज्य आणि विधीची मुलं तर सगळ्यात जास्त रखडली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं.

तेव्हा सगळी चर्चा सर्व्हर आणि टेंडरची झाली. माझ्या मते खरी चूक त्याच्या आधीची. निकाल लवकर लावणं हे प्रशासनाचं उद्दिष्ट झालं. ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण परीक्षा घेतो कशाला? पोराला काय आलं आणि काय नाही आलं हे कळायला ना? स्क्रीनवर तपासताना प्रत्येक प्रश्नाचे मार्क वेगळे भरले जातात. म्हणजे कुठल्या प्रश्नावर निम्मा वर्ग अडखळला, हे सहज काढता येईल. ती माहिती जून-जुलैमध्ये शिक्षकाच्या हातात पडली तर पुढच्या वर्षी तो धडा वेगळ्या पद्धतीने शिकवता येईल, अभ्यास मंडळाला सिलॅबस बदलताना आधार मिळेल. मला मात्र ती कधी मिळालेली नाही. यंत्र घेतलं ते वेगासाठी, शिकवण्यासाठी त्याचा काय उपयोग हे कुणी विचारलंच नाही.

नॅकचंही तसंच. किती वर्गखोल्यांत आयसीटी सुविधा आहेत, किती विद्यार्थ्यांमागे एक कॉम्प्युटर, हे मोजलं जातं. मग कॉलेजं प्रोजेक्टर लावतात. त्या प्रोजेक्टरवर काय दाखवलं जातं? बऱ्याचदा पुस्तकातलाच मजकूर, मोठ्या अक्षरात. मोजलं जातं ते विकत घेतलं जातं, हा साधा हिशोब आहे.

उलटं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. कामावर जाणारा माणूस, घर सांभाळणारी बाई, शाळा सुटलेला तरुण, हा विद्यार्थी त्यांनी आधी डोळ्यांसमोर ठेवला. मग त्याला झेपेल अशी साधनं निवडली: स्वतः वाचून समजतील अशी मराठी पुस्तकं, जवळचं अभ्यासकेंद्र, जोडीला दृक्-श्राव्य कार्यक्रम. तिथेही अडचणी आहेत, नाही असं नाही. पण क्रम बरोबर होता. आधी विद्यार्थी, मग साधन.

मुंबई विद्यापीठाचा विद्यार्थी चर्चगेटला आहे तसाच जव्हारला आणि वैभववाडीलाही आहे. एकाच्या खिशात चांगला फोन आणि भरपूर डेटा, दुसऱ्याच्या घरात एक फोन, तोही वडिलांचा. दोघांना एकच पोर्टल, एकच शेवटची तारीख. अशा वेळी 'ऑनलाइन सोय केली आहे' या वाक्याला दोन ठिकाणी दोन वेगळे अर्थ होतात.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्यात माहिती तंत्रज्ञान मंडळ आहे, अभ्यास मंडळं आहेत, पंचवार्षिक बृहत् आराखडाही आहे. ही तिन्ही एका टेबलावर आली पाहिजेत. कुठलीही मोठी खरेदी मंजूर होण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात. एक, यामुळे विद्यार्थ्याचं शिकणं नेमकं कुठे सुधारणार? दोन, सगळ्यात दूरच्या कॉलेजातल्या मुलाला हे कसं वापरता येणार? तीन, आधी लहान प्रमाणावर करून पाहिलं का, आणि बिघडलं तर जुनी व्यवस्था तयार आहे का? उत्तरं नसतील तर खरेदी थांबवा. सहा महिन्यांनी काही आभाळ कोसळत नाही. २०१७ मध्ये घाई केली म्हणूनच कोसळलं होतं.

सिनेटमध्ये नोंदणीकृत पदवीधरांतून १० सदस्य निवडून जातात. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांना मत दिलंय, काहींना ते तोंडओळखीने माहीतही असतील. बजेटच्या बैठकीआधी त्यांना एक फोन करा, हे तीन प्रश्न त्यांच्या हातात द्या. फी आपली पोरं भरतात, विचारायचा हक्क आपला आहे.