गाडी एकटीनंच का चालवायची?

छंद विचारला की आपण भरतकाम, वाचन, बागकाम अशी उत्तरं देतो. माझं उत्तर ऐकून हळदीकुंकवाला आलेल्या बायका मात्र चमकतात. मला मोटारींच्या शर्यतींचं वेड आहे! त्यातही घटकाभरात आटोपणाऱ्या नव्हे, तर तासन् तास चालणाऱ्या, गाडीचा आणि माणसाचा दम पाहणाऱ्या शर्यतींचं.

हे वेड माहेरचं. माझ्या शाळा-कॉलेजच्या वर्षांत आमच्या नवी मुंबईत ऐन पावसाळ्यात मान्सून स्कूटर रॅली व्हायची. भाजी आणायला नेतो तसल्याच स्कूटर, पण चिखलातून, खडीवरून हाणलेल्या. वडील मला घेऊन जायचे. गळ्यात त्यांचा जुना कॅमेरा, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीचं टोपडं, भिंगापुरतं भोक पाडलेलं. रोल ३६ फोटोंचा, तेव्हा काटकसर आलीच. वडिलांनी शिकवलं : वळणाच्या आतल्या अंगाला, लांब उभं राहायचं, कारण घसरलेली गाडी बाहेरच्या अंगाला जाते. वळणावर गाडी मंदावते, तेव्हाच ती टिपायची. शटर जरा संथ ठेवून गाडीबरोबर कॅमेराही फिरवायचा. मग गाडी स्पष्ट येते, मागची झाडं पुसट होतात आणि फोटोत वेग दिसतो. छत्तीसांतले चार-पाच साधले तरी आम्ही खूश! त्या फोटोंत एक गंमत दिसायची. सकाळी सुसाट निघालेले कितीतरी जण दुपारच्या फोटोंत रस्त्याकडेला प्लग काढून बसलेले असायचे.

लग्न होऊन रबाळ्याला आले, तर सासऱ्यांकडेही याच जातीची आठवण निघाली. १९६८ साली लंडन ते सिडनी मोटारशर्यत झाली. ९८ गाड्या निघाल्या, त्यांतल्या ७२ डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईला पोचल्या आणि इथून ‘चुसान’ बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेल्या. सासरे तेव्हा शाळकरी. गर्दीत उभं राहून त्यांनी त्या धुळीनं माखलेल्या गाड्या पाहिल्या. मुंबईत पहिला होता रॉजर क्लार्क. पण सिडनीला जिंकली ती अँड्र्यू कोवन आणि त्याच्या दोन साथीदारांची साधीसुधी हिलमन हंटर!

या शर्यतींची राणी म्हणजे फ्रान्समधल्या ल माँची, १९२३ साली सुरू झालेली चोवीस तासांची शर्यत. जूनमध्ये ती आपल्या संध्याकाळी साडेसातला सुरू होते; मी पोळ्या लाटताना मोबाइलवर बघते. १९३२ साली ओदेत सिको ही बाई तिथं चौथी आली होती. २०१२ साली आपला करुण चंढोक तिथं उतरणारा पहिला भारतीय ठरला; तो आणि त्याचे दोन साथीदार सहावे आले. हल्ली एका गाडीला तीन चालक असतात आणि एकानं चौदा तासांहून जास्त चालवायचंच नाही, असा नियम आहे.

पूर्वी असा नियम नव्हता. १९५२ साली पिएर लेवेग या चालकानं साथीदार तयार असताना त्याला गाडी दिलीच नाही. दिवस, रात्र, पुन्हा दिवस तो एकटाच चालवत राहिला. आघाडीवरही होता. जेमतेम तासभर उरला आणि इंजिन मोडलं. पहिले दोन्ही क्रमांक मर्सिडीजनं नेले.

ही गोष्ट मी एकदा जेवताना घरात सांगितली. रबाळ्याला एमआयडीसी असल्यामुळे पाळी म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला शिकवायला नको. यंत्र चोवीस तास चालतं, माणसं बदलतात. आमचे हे तीन पाळ्यांत काम करतात. घरात मात्र पाळी एकच आणि ती माझी! डबे, अर्ध्या वेळेची शाळा, मुलांचा अभ्यास, रात्रीचं विरजण. कॅमेरा सहा वर्षं माळ्यावर होता. मी म्हटलं, “महिन्यातला एक रविवार मला हवा.”

सासूबाई गप्प झाल्या. “बाईमाणसानं घर टाकून फोटो काढत हिंडायचं?” एवढंच म्हणाल्या. सासरे म्हणाले, “अगं, त्या हंटरमध्येही तिघं होते.” ह्यांनी काही न बोलता कणीक कशी भिजवतात ते विचारलं!

आता महिन्याचा शेवटचा रविवार माझा. स्कूटर नाहीत, तर सायकलवाले टिपते. त्या दिवशी पोळ्या जाड होतात, ओटाही माझ्या मनासारखा नसतो. सासूबाईंची नाराजी पुरती गेलेली नाही. पण परवा त्यांनीच विचारलं, “या वेळचे फोटो दाखवले नाहीस?”

तुम्हीही एखादा दिवस मागून बघा. छंद कुठलाही असो. आणि निघताना दारातून दहा सूचना देऊ नका. चोवीस तासांच्या शर्यतीत उतरणारा चालक पुढच्याला पट्टा बांधायला मदत करतो आणि बाजूला होतो. डाळ-तांदळाचे डबे कुठे आहेत तेवढं सांगा, आणि निघा.