दर महिन्याचं भाडं

आमचं घर देवासच्या थोरल्या पातीतलं आणि आत्या दिली धाकट्या पातीत, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे. संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, माझा जन्म त्यानंतरचा. पण आजोबा शेवटपर्यंत "तिकडच्या राज्यात जाऊन येतो" म्हणत चपला घालायचे. एका गावात दोन पवार राजे, दोन दरबार, आणि गावातला मोठा रस्ता हीच सरहद्द. तुंबलेली नाली कुठल्या दरबारानं उपसायची यावरून अख्खा पावसाळा गेल्याची गोष्ट ते रंगवून सांगत. खरी किती, देव जाणे. मी पुढं तीस वर्षं तेलाच्या पाइपलाइनवर काढली. देशोदेशींच्या तेलनळांची भांडणं वाचताना मला हटकून ती नाली आठवते.

देवासहून इंदूरला निघालात की वाटेत मांगलिया लागतं. टँकरांच्या रांगांमुळे गाव लक्षात राहतं. तिथलं इंधन मुंबईच्या माहुलहून नळानं येतं: मनमाडवरून, निमाडात नर्मदा ओलांडून, विंध्याचा चढ चढून, आणि तोच नळ पुढं दिल्लीजवळ बिजवासनपर्यंत जातो. त्यातून आधी डिझेल, त्याच्या पाठोपाठ पेट्रोल, मध्ये पडदाबिडदा काही नाही, हे सांगितलं की पाहुणे हसतात. जिथं दोन माल मिसळतात तेवढा तुकडा घनता बघून बाजूला काढायचा, एवढीच युक्ती.

नळ बरा की टँकर, हा वाद आमच्यात संपलेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये खरगोन जिल्ह्यात टँकर उलटला, सांडलेलं इंधन बघायला आणि भरायला गावकरी जमले आणि स्फोटात होरपळून मेले. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ ला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं, तेही टँकरमधल्या तेलावरून. नळ जमिनीखाली मीटरभर खोल असतो, गुपचूप वाहतो. पण त्याचा एक दोष कधीच जात नाही. टँकर वाट बदलू शकतो, जहाज तोंड फिरवू शकतं. नळ ज्याच्या जमिनीत पुरला, त्याच्याशी कायमचा बांधला जातो.

हे मला पुस्तकानं नाही, एका लसणाच्या शेतानं शिकवलं.

एका हिवाळ्यात आमच्या नियंत्रण कक्षातला दाबाचा आलेख रात्री एकनंतर किंचित खाली यायचा. घंटा वाजावी इतका नाही. चोर शहाणे असतात, घाई करत नाहीत. यंत्राला जे कळलं नाही ते आमच्या लाइनवॉकरला कळलं. धार जिल्ह्यातला भिल्ल पोरगा, रोज सात-आठ किलोमीटर नळावरून चालणारा. म्हणाला, "साब, लसूण सूख रहा है और मालिक को फिकर नहीं." पाणी तोडलेल्या त्या शेतात नवं पत्र्याचं शेड उभं होतं. खणलं, तर चालू नळाला क्लॅम्प जोडून भोक पाडलेलं, आणि तिथून रबरी नळी थेट शेडमध्ये. हे काम ऐऱ्यागैऱ्याचं नव्हे. पेट्रोल वाहत असताना एक ठिणगी उडाली असती तर शेड, शेत, माणसं, काहीच उरलं नसतं.

शेतमालक म्हातारा होता. सगळे त्याला दाजी म्हणत. पोलीस येईपर्यंत तो माझ्याशेजारी बांधावर बसून होता. त्यानं विचारलं, तुम्ही मला पैसे किती वेळा दिले? एकदा. शेडवाले दर महिन्याला देतात.

उत्तर माझ्याकडे नव्हतं. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यानुसार जमीन शेतकऱ्याचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. नळावरच्या पट्ट्यात गहू-सोयाबीन चालतं; घर, विहीर, झाड चालत नाही. पिकाचं नुकसान वेगळं धरतात, पण त्या कायमच्या हक्काचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, आणि तोही एकदाच. २०११ च्या दुरुस्तीनं चोरी आणि घातपाताच्या शिक्षा कडक केल्या. दाजीच्या प्रश्नाला मात्र त्यात उत्तर नाही.

हाच हिशेब देशांच्या सरहद्दींवर मांडून बघा. बाकूचं तेल जॉर्जियातून तुर्कस्तानच्या जेहानला नेणारा १,७६८ किलोमीटरचा नळ २००६ मध्ये सुरू झाला. रशिया आणि इराण दोघांनाही वळसा घालायचा म्हणून आखलेली वाट. ऑगस्ट २००८ मध्ये तो पूर्व तुर्कस्तानात फुटला. जबाबदारी कुर्दी बंडखोरांनी घेतली. सायबर हल्ल्याची चर्चा पुढं झाली, ती वेगळी. वाहतुकीचा मोबदला अंकाराच्या तिजोरीत जमा होतो आणि नळ जातो तो अशांत डोंगराखालून. इराकच्या किरकुकहून जेहानला जाणारा नळ तर मार्च २०२३ मध्ये बॉम्बशिवायच बंद पडला. पॅरिसच्या लवादाचा एक निकाल आला आणि तेल अडीच वर्षं थांबलं. भांडण होतं कोणाच्या परवानगीनं कोणाचं तेल वाहायचं, याचं. नालीच ती.

इराण–पाकिस्तान–भारत गॅसनळाचा मी एके काळी कट्टर समर्थक होतो. पाकिस्तानला वर्षानुवर्षं वाहतूक शुल्क मिळेल, मग तो तोटी कशाला बंद करील, असं मी तावातावानं मांडायचो. दाजी भेटल्यावर आवाज खाली आला. तो नळ बलुचिस्तानातून येणार होता. तिथल्या सुई या गावी गॅस सापडला १९५२ मध्ये, तो कराची-पंजाबकडे गेला. खुद्द क्वेट्ट्याला मिळेपर्यंत दशकं लोटली. तिथले गॅसनळ आजही उडवले जातात. शुल्क इस्लामाबादला आणि खड्डा बलुच माणसाच्या दारात, असा तो करार होता. भारत त्यातून बाहेर पडला हे बरंच झालं.

याउलट मोतिहारीहून नेपाळच्या अमलेखगंजला जाणारी ६९ किलोमीटरची डिझेलची लाइन बघा. भारताच्या सरहद्दीवरच्या २०१५ च्या नाकेबंदीत नेपाळनं इंधनाविना महिने काढले, तरी २०१९ मध्ये तोच देश आपल्या नळाला जोडला गेला. इथं तोटी आपल्या हातात आहे, म्हणून जबाबदारीही आपली जास्त.

वाट ज्याच्या हातात त्याच्याशी हिशेब ठेवायचा, हे गणित आमच्या माळव्याला नवं नाही. २९ नोव्हेंबर १७२८ ला चिमाजी आप्पांनी धारजवळच्या अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरधर बहादूरला मारलं आणि माळव्याचं दार मराठ्यांना उघडलं. पुढं धारला आणि देवासला पवार टिकले ते वसुलीतला हिस्सा ठरलेला होता म्हणून. वाट राखणाऱ्याला वाटेतला वाटा मिळायचाच; एकदा नव्हे, दर साल.

लाइनवॉकरचा पगार, ड्रोन, नळात फिरणारी तपासणीची यंत्रं, यांवर खर्च होतो आणि व्हायलाच हवा. त्यात एक खर्च वाढवा. १९६२ च्या कायद्यातला एकरकमी मोबदला काढा आणि नळ वाहतो तोवर पट्ट्याखालच्या प्रत्येक खातेदाराला वर्षाचं भाडं द्या. दाजी आता नाही. त्याचा मुलगा त्याच शेतात लसूण लावतो, आणि त्याला अजून कुणी भाडं देत नाही.