कार्ड ठेवायचं की बंद करायचं?

बँकेचा मेसेज दोनच ओळींचा होता. पुढच्या वर्षापासून क्रेडिट कार्डाचं वार्षिक शुल्क 500 ऐवजी 1,000 रुपये, आणि ते माफ होण्यासाठी वर्षाची खरेदी 50,000 ऐवजी एक लाखाची हवी. कार्ड घेऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. घरात असं कार्ड घेणारी मी पहिलीच. वडिलांचा सगळा व्यवहार विविध कार्यकारी सोसायटी आणि रोखीचा. त्यामुळे विचारायचं कुणाला, तेच कळेना.

शाळेत एक सर म्हणाले, "मॅडम, बंद करू नका, सिबिल खाली येतं." दुसऱ्या मॅडमचा सल्ला वेगळाच, "एक लाखाची खरेदी करून टाका, फी आपोआप माफ." धाकट्या भावाला भलतीच काळजी, "ताई, बंद करायला गेलीस तर आणखी पैसे कापतील." तिघंही माझ्या भल्याचंच सांगत होते, पण कुणाचं खरं मानावं ते समजत नव्हतं. मग एकेक प्रश्न सुटा करून बघायचं ठरवलं.

भावाची शंका आधी मिटली. रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे निर्देश 1 जुलै 2022 पासून लागू झाले. त्यांनुसार शुल्क वाढवायचं असेल तर बँकेने ग्राहकाला निदान एक महिना आधी कळवावं लागतं. वाढ मान्य नसेल तर कार्ड परत करता येतं आणि त्यासाठी वेगळा आकार घेता येत नाही. फक्त बाकी पूर्ण चुकती केलेली हवी. अर्ज दिल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसामागे बँकेने ग्राहकाला 500 रुपये द्यायचे असतात. हे वाचून फार धीर आला.

मग वर्षभराची स्टेटमेंट्स काढली आणि पेन्सिल घेऊन बसले. 1,000 रुपयांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे खरं शुल्क 1,180. माझी वर्षाची खरेदी साधारण 60,000 ची. जुन्या अटीत शुल्क माफ झालं असतं, नव्या अटीत नाही. दर 100 रुपयांना एक पॉइंट आणि पॉइंटची किंमत 25 पैसे, म्हणजे वर्षाची कमाई फार तर 150 रुपये. पेट्रोलवर तर पॉइंट मिळतच नाहीत, फक्त एक टक्का अधिभार माफ होतो. आमचं नवापूर सीमेवरचं. गुजरातच्या हद्दीत पेट्रोल स्वस्त पडतं म्हणून इथले अनेकजण तिकडेच टाकी भरतात. ती बचत रोख दिले तरी होते.

कार्डाच्या पुस्तिकेतला मोठा फायदा होता विमानतळावरच्या लाउंजचा. आम्हाला जवळचा विमानतळ सुरतचा. पण नवापूरकर सुरतेला जातात ते बहुतेक रेल्वेने किंवा एसटीने. आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. दोन राज्यांत पाय ठेवून गाडीची वाट बघता येते, पण लाउंज काही तिथे नाही. सिनेमाच्या तिकिटांची सवलतही मोठ्या शहरातल्या मल्टिप्लेक्सची. इथला किराणा आणि भाजी यूपीआयवर, थेट बचत खात्यातून जाते.

राहिला एक लाखाच्या खरेदीचा सल्ला. 1,180 रुपये वाचवण्यासाठी मला 40,000 ची जास्तीची खरेदी करावी लागली असती. त्यातलं थोडं बिल जरी थकलं, तर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला 42 टक्के. अशा अटी फक्त लहान कार्डांच्याच बदलतात असंही नाही. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं शुल्क सप्टेंबर 2023 पासून 10,000 वरून 12,500 झालं, आणि माफीची अट 15 लाखांवरून 25 लाखांवर गेली. म्हणून शुल्काइतकीच माफीची अटही नीट वाचायला हवी.

सरांचा मुद्दा मात्र खोटा नव्हता. सिबिलचा गुण, म्हणजे आपल्या उधारफेडीच्या नोंदींवरून मिळणारा गुण, 300 ते 900 दरम्यान असतो. कार्ड बंद झालं की आपली एकूण उधारीची मर्यादा कमी होते, त्याने गुण थोडा उतरू शकतो. पण वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद लगेच पुसली जात नाही, ती पुढे काही वर्षं अहवालात राहते. शिवाय माझ्या स्कूटीचे हप्ते चालू आहेत, ते वेळेवर जातात. लवकरच घराचं कर्ज काढायचं असतं तर मी थांबले असते. तसा विचार सध्या नाही.

बंद करण्याआधी बँकेला विचारलं, हेच कार्ड बिनशुल्काच्या प्रकारात बदलून मिळेल का? अनेक बँका असं करून देतात, म्हणून प्रत्येकाने एकदा विचारावंच. मला नकार मिळाला. मग पॉइंट वापरून टाकले, कार्डावर लावलेलं मोबाइलचं ऑटो पे बचत खात्याला जोडलं, बिल पूर्ण भरलं आणि लेखी अर्ज दिला. बाकी नसल्याचं पत्र मागून घेतलं. आता वर्षातून एकदा फुकट मिळणारा सिबिल अहवाल काढून कार्डापुढे 'बंद' अशी नोंद झाली का, ते तपासणार आहे.

सुरतेहून नेहमी माल आणणाऱ्या नवापूरच्या व्यापाऱ्याचा हिशेब वेगळा निघेल. त्याची लाखाची खरेदी मुळातच होते, शुल्क माफ होतं, आणि महिनाभराची बिनव्याजी मुदत त्याच्या धंद्याला उपयोगी पडते. त्याने कार्ड जरूर ठेवावं, बिल मात्र दर महिन्याला पूर्ण भरावं. पगारावर घर चालवणाऱ्या माझ्यासारखीने त्यासाठी वर्षाला 1,180 रुपये का मोजावेत, याचं उत्तर मला सापडलं नाही, म्हणून मी ते बंद केलं.