धक्क्यालगतचं घर

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला कवाऊ नावाचं बेट आहे. सँडस्पिटच्या धक्क्यावरून आम्ही लाँचनं तिथं गेलो. बेटावर बहुतेक घरांपर्यंत रस्ता नाही; घरासमोर लाकडी धक्का असतो. टपालसुद्धा लाँचनंच येतं.

इथल्या नॉर्थ कोव्ह या खाडीत लिन आणि लॅरी पार्डी या नवरा-बायकोनं घर केलं. १९६८ साली त्यांनी स्वतः बांधलेली २४ फुटी शिडाची होडी पाण्यात सोडली. पुढे २९ फुटी दुसरी बांधली. दोन्हींना इंजिन नव्हतं. निव्वळ वाऱ्यावर त्यांनी पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातल्या, एक पूर्वेकडून, एक पश्चिमेकडून. मग ते किनाऱ्याला लागले, तेही असे की दारातून पाऊल टाकलं की पाणी. पुढे लॅरींना पार्किन्सन्सनं गाठलं. २०२० मध्ये ते वारले.

आपल्या कोकणात दर्या म्हणजे नवऱ्याची नोकरी आणि बायकोचं वाट पाहणं. जहाजावरून कायमचे घरी आलेले कित्येक बुजुर्ग नुसते ओट्यावर बसून असतात. त्यांच्या हाताशी एखादी होडी, एखादं जाळं, दोरीच्या गाठी शिकायला एखादं नातवंड असू द्यावं, असं परतीच्या लाँचमध्ये आम्हाला वाटत राहिलं.