गुंता, जट आणि 'कोन'

आमच्या तुळजापुराकडे केसांचा गुंता ही साधी गोष्ट नाही. तो सुटेनासा झाला की बायका म्हणतात, "जट आली, देवीचं बोलावणं आलं!" मग फणी बंद, कात्रीचं तर नावच नको. खरं तर केस विंचरले-धुतले नाहीत की गळलेले केस, तेल, मळ सगळं एकमेकांत घट्ट बसतं. कुरळ्या केसांत तर लवकरच. अंनिसच्या नंदिनी जाधव यांनी अशा कितीतरी बायकांची समजूत घालून त्यांच्या जटा कापल्या आहेत.

म्हणून गुंता सोडवणाऱ्या बाटलीवर लिहिणं मला चैनीचं वाटत नाही.

तर मंडळी, बाटली उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन... शेवटी 'कोन' दिसला की बहुतेक सिलिकॉन. ते विष वगैरे नाही हं! केसावर गुळगुळीत थर देतं, इतकंच. पण कुरळ्या केसांना मानवणाऱ्या सौम्य शाम्पूने तो थर नीट निघत नाही; साचतो, केस जड होतात.

त्याच्यावाचून अडत नाही. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड शोधा. त्यावर धन विद्युतभार, खराब झालेल्या केसावर ऋण; म्हणून ते चिकटतं आणि कंगवा सरकतो. सिटाइल अल्कोहोलला घाबरू नका, ते मेणासारखं असतं, केस कोरडे करत नाही.

ओल्या केसांना भरपूर लावा, रुंद दातांचा कंगवा घ्या, टोकांपासून वर या.

आणि गावी कुणा मुलीच्या केसात गाठ दिसली, तर देवीच्या आधी कंडिशनर आठवा.